फोटो ओढायचा तर माणूस सोडून ओढा

"अक्का, फोटो जरा ओढून बसवा की, दोन्ही बाजूला पांढरं राहतंय." बेळगावच्या शहापुरात फ्लेक्स आणि डीटीपीचं काम करते म्हटल्यावर हे वाक्य रोज कानावर पडतंच. वाढदिवस असो, वास्तुशांत असो, नाहीतर वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथाचा बॅनर असो. मोबाइलवर काढलेला फोटो उभा आणि बॅनर आडवा, हे ठरलेलंच. ओढायला माझी ना नाही. काय ओढायचं ते मात्र आधी ठरवायला हवं. आकाश ओढलं, भिंत ओढली, स्टुडिओचा मागचा पडदा ओढला तर कुणाचं काही बिघडत नाही. माणूस ओढला की बॅनर चौकात लागल्या लागल्या गल्लीतलं पोरगं विचारतं, "मामा एवढे जाड कधी झाले गा?"

माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या पोरापोरींना जे सांगते तेच इथं लिहिते. बहुतेक सगळं फोटोशॉपमधलं आहे. कोरलड्रॉमध्ये वेगळं असेल तिथं तसं सांगेन.

आधी जागेचं माप घ्या

गिऱ्हाईक "दहा बाय चार" म्हणालं की तसंच टाइप करू नका. आडवं किती, उभं किती, हे विचारून घ्या. आपल्याकडे कुणी रुंदी आधी सांगतं, कुणी उंची. खांबाला लावायचा चार बाय दहा आणि स्टेजमागं लावायचा दहा बाय चार यांत रात्रीचं जागरण आहे.

मग एक साधा भागाकार करा, रुंदी भागिले उंची. दहा बाय चारचं उत्तर २.५ येतं. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा आडवा फोटो बहुधा ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो, त्याचं उत्तर १.३३. तोच फोटो उभा असेल तर ०.७५. म्हणजे उभा फोटो नुसता ओढून दहा बाय चारमध्ये भरायचा तर माणूस तिपटीहून जास्त रुंद करावा लागेल. याउलट फ्लेक्स दहा बाय आठ असेल तर उत्तर १.२५, आडव्या फोटोपेक्षा फक्त सहा टक्क्यांच्या आसपास कमी. तिथं बाजूने थोडं कापलं की काम झालं.

माझा स्वतःचा हिशेब असा: दोन-तीन टक्क्यांचा फरक असेल तर बिनधास्त ओढा, कुणाला कळत नाही. पाचाच्या पुढं गेलं की चेहऱ्यावर दिसायला लागतं. आणि फोटोत गोल वस्तू असेल, म्हणजे घड्याळ, गाडीचं चाक, मंडळाचा गोल लोगो, तर तीन टक्केसुद्धा नकोत. चेहरा थोडा भरला तर घरचे म्हणतात तब्येत सुधारली. चाक लांबट झालं तर काहीच म्हणता येत नाही.

फोटो किती मोठा होईल याचाही भागाकारच. दहा फूट म्हणजे १२० इंच. ४००० पिक्सेल १२० इंचांवर पसरले तर इंचाला ३३ पडतात. रस्त्यापलीकडून बघायच्या फ्लेक्सला एवढे पुरतात. जवळून बघायच्या बोर्डाला, म्हणजे दुकानाच्या काउंटरमागं लावायचा असेल त्याला, ७२ तरी ठेवा. लग्नपत्रिकेला ३०० लागतात. व्हॉट्सअॅपवरून साध्या पद्धतीने आलेला फोटो मात्र लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलचाच राहतो. त्याच दहा फुटांवर तो इंचाला १३ पडतो आणि नाकडोळे विरघळतात. म्हणून गिऱ्हाइकाला पहिलं सांगायचं, "मामा, तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा." मामांना डॉक्युमेंट सापडत नाही. त्यांच्या पोराला सापडतं.

शिफ्टचा घोळ

फोटो लहानमोठा करायचा म्हणजे कंट्रोल टी, फ्री ट्रान्सफॉर्म. इथं एका बारीक बदलाने भल्याभल्यांना फसवलंय. जुन्या फोटोशॉपमध्ये, सीएस६ पर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षं, शिफ्ट धरून कोपरा ओढला तर प्रमाण टिकायचं आणि शिफ्ट सोडली की चित्र वाकडंतिकडं व्हायचं. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या सीसी २०१९ पासून ते उलटं झालं. आता शिफ्ट न धरता ओढलं तर प्रमाण टिकतं, शिफ्ट धरली की तुटतं. आपल्याकडच्या दुकानांत एका टेबलावर जुनं सॉफ्टवेअर आणि शेजारच्या टेबलावर नवं असतं. जुन्यावर शिकलेला हात नव्यावर बसला की सवयीने शिफ्ट दाबतो आणि नवरदेव पसरतो.

मशीन कुठलं आहे ते आठवत बसण्यापेक्षा कंट्रोल टी केल्यावर वरच्या पट्टीकडे बघा. तिथं डब्ल्यू आणि एच अशी दोन घरं असतात, मध्ये साखळीचं चिन्ह. साखळी जोडलेली असेल तर प्रमाण टिकेल. दोन्ही घरांत टक्के सारखे दिसले पाहिजेत. जुनी सवय मोडणारच नसेल तर प्रेफरन्सेसच्या जनरल पानावर 'यूज लेगसी फ्री ट्रान्सफॉर्म'ला खूण करा, शिफ्ट पूर्वीसारखी वागेल.

दुसरी सवय लावून घ्यायची ती स्मार्ट ऑब्जेक्टची. फोटो लहान केला, एंटर मारलं, मग गिऱ्हाईक म्हणालं "थोडा मोठा करा", पुन्हा मोठा केला, की प्रत्येक वेळी पिक्सेल मरतात. त्याऐवजी लेयरवर, म्हणजे फोटोच्या थरावर, राइट क्लिक करून 'कन्व्हर्ट टू स्मार्ट ऑब्जेक्ट' करून ठेवा. मग कितीही वेळा लहानमोठा करा, मूळ फोटो आत सुरक्षित राहतो. शिवाय कंट्रोल टी केलं की मूळच्या किती टक्के झालाय तेही दिसतं, म्हणजे कुणी मध्येच ओढून ठेवला असेल तर चोरी लगेच पकडता येते.

कोरलमध्ये कोपऱ्याचा हँडल प्रमाण राखतो, बाजूचा हँडल ओढतो, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. प्रॉपर्टी बारवर आडवे आणि उभे टक्के वेगवेगळे दिसत असतील तर समजा, कुणीतरी बाजूचा हँडल धरलाय. चौकट आधी आखून फोटो पॉवरक्लिपने तिच्यात घातलात तर चौकटीला हात न लावता आतला फोटो वेगळा हलवता येतो.

मोकळी पट्टी ओढायची युक्ती

आता खरं काम. समजा राजहंसगडावर काढलेला फोटो आहे. आजोबा मधोमध उभे, मागं शिवरायांचा पुतळा, दोन्ही बाजूला आकाश. बॅनर आडवा हवाय.

बॅकग्राउंड लेयरवर डबल क्लिक करून कुलूप काढा आणि कंट्रोल जे करून एक प्रत ठेवून द्या. मग इमेज मेनूतून कॅनव्हास साइज, शॉर्टकट कंट्रोल ऑल्ट सी. रुंदी बॅनरच्या प्रमाणात वाढवा. अँकरचा ठिपका मध्येच राहू द्या, म्हणजे दोन्हीकडे सारखी मोकळी जागा येईल. आता रेक्टँग्युलर मार्की, म्हणजे एम दाबून येणारं चौकोनी सिलेक्शन, घेऊन फोटोच्या डाव्या कडेपासून पुतळ्याच्या थोडं अलीकडेपर्यंतची उभी पट्टी निवडा, वरपासून खालपर्यंत पूर्ण. त्या पट्टीत माणूस नको, पुतळा नको, कुणाचा हात नको. कंट्रोल टी. डाव्या बाजूचा हँडल कॅनव्हासच्या कडेपर्यंत ओढा. नव्या आवृत्तीत इथं शिफ्ट धरावी लागते, नाहीतर पट्टी उंचीलाही वाढते. एंटर. उजवीकडे तेच.

आतली कड हललेली नसते म्हणून जोड दिसत नाही. आजोबांच्या अंगाला हातही लागलेला नाही.

कुठं जमतं, कुठं नाही, हे डोळ्याला कळायला थोडा वेळ लागतो. निरभ्र आकाश दुपटीपर्यंत सहज जातं. स्टुडिओतला निळा किंवा करडा पडदाही तसाच. गवत असेल तर खालच्या भागात आडव्या रेघा दिसायला लागतात. तेवढाच भाग क्लोन स्टॅम्पने, मूळ गवत उचलून, झाकून घ्या. विटांची भिंत, फरशी, जाळीचं गेट असेल तर ही युक्ती सोडूनच द्या. ओढलेल्या आकाशात मूळ फोटोचे बारीक कण लांबट होऊन तो भाग गुळगुळीत वाटतो. तिथं फिल्टर मेनूतून नॉइज, अॅड नॉइज, एक-दोन टक्के टाका आणि शंभर टक्के झूमवर बघा. हे सिलेक्शन स्मार्ट ऑब्जेक्टवर चालत नाही, साध्या लेयरवरच करायचं. म्हणून तर प्रत ठेवायला सांगितलं.

कंटेंट-अवेअर स्केल

पट्टी निवडायला मोकळी जागाच नसेल, माणसं विखुरलेली असतील, तेव्हा एडिट मेनूतलं 'कंटेंट-अवेअर स्केल' कामाला येतं. हे २००८ मध्ये फोटोशॉप सीएस४ बरोबर आलं. त्यामागची पद्धत शाय अविदान आणि एरियल शामीर या दोघांनी २००७ साली मांडली होती. फोटोत वरून खाली जाणारी अशी एक वेडीवाकडी वाट शोधायची, जिथं शेजारच्या पिक्सेलमध्ये फारसा फरक नाही. चित्र अरुंद करायचं तर ती वाट काढून टाकायची, रुंद करायचं तर तिच्याशेजारी तिच्यासारखीच आणखी एक घालायची. शहापूरच्या विणकराने साडीतून नेमका न दिसणारा धागा ओढून काढावा, तसं. चेहरा, कपड्याची नक्षी, अक्षरं यांच्यात पिक्सेलचा फरक जास्त असतो, म्हणून वाट शक्यतो तिथून जात नाही.

'शक्यतो' म्हटलं, कारण तिला माणूस ओळखता येत नाही. एकरंगी पांढरा सदरा घातलेला माणूस तिला आकाशासारखाच मोकळा वाटतो. मग सदरा फुगतो आणि डोकं तेवढंच राहतं. म्हणून राखण लावावी लागते. लॅसोने माणसांभोवती मोकळं ढाकळं सिलेक्शन करा, पायाखालची सावलीही घ्या. सिलेक्ट मेनूतून 'सेव्ह सिलेक्शन', नाव द्या, ओके. सिलेक्शन काढा, कंट्रोल डी. मग एडिट, कंटेंट-अवेअर स्केल. वरच्या पट्टीत 'प्रोटेक्ट' लिहिलंय तिथं आत्ता दिलेलं नाव निवडा. शेजारी माणसाच्या आकृतीचं बटण आहे, ते त्वचेचा रंग राखतं. मी त्याच्यावर एकट्यावर विसंबत नाही. आपल्याकडच्या तांबड्या मातीला आणि खानापूरकडच्या कौलांनाही ते कधी कधी त्वचा समजतं.

आता बाजूचा हँडल ओढा. चित्र उंचीलाही वाढायला लागलं तर साखळी तोडा किंवा शिफ्ट धरा. एका दमात फार ओढू नका. पाव भाग ओढा, एंटर करा, बघा, मग पुन्हा. गोकाकच्या धबधब्यासमोरचा ग्रुप फोटो असेल तर माणसं नीट राहतात, पण मागच्या खडकांचे थर कुठं तुटतात का ते बघा. पायऱ्या, विजेच्या तारा, किल्ल्याच्या तटाची सरळ रेघ, हे सगळे वाकतात. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत काढलेल्या फोटोवर तर हे चालवूच नका. त्या कोरीव दगडी कमळाच्या पाकळ्या वाकड्या झाल्या की काहीतरी चुकलंय हे दुरूनही समजतं.

स्मार्ट ऑब्जेक्टवर आणि लेयर मास्कवर, म्हणजे लेयरचा भाग झाकणाऱ्या पडद्यावर, हे चालत नाही. मेनूत नाव फिकं दिसलं की घाबरू नका, लेयर रास्टराइज करा, म्हणजे साधा पिक्सेलचा करून घ्या. जिंप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हेच काम 'लिक्विड रिस्केल' नावाचं प्लगइन करतं, ते वेगळं घालावं लागतं.

२०२३ पासून फोटोशॉपमध्ये 'जनरेटिव्ह एक्स्पांड'ही आलंय. क्रॉप टूलने चौकट बाहेर ओढली की बाजूची जागा ते स्वतः रंगवतं. त्याला इंटरनेट लागतं. शेत, डोंगर, आकाश छान करतं. पण ते नवीन चित्र असतं, फोटो नव्हे. श्रद्धांजलीच्या बॅनरवर, देवाच्या मूर्तीच्या बाजूला, गडाच्या तटावर मी ते वापरत नाही. नसलेला बुरूज उभा राहिला तर तो ओळखणारी माणसं इथं गल्लोगल्ली आहेत.

आणि एक विचारू? बॅनर फोटोनेच भरला पाहिजे असं कुणी सांगितलंय? उभा फोटो उजवीकडच्या एक तृतीयांशात पूर्ण उंचीने ठेवा. त्याची डावी कड लेयर मास्कवर ग्रेडियंट मारून मागच्या रंगात विरघळवा. डाव्या बाजूला मजकूर. दहापैकी आठ बॅनर असेच जास्त चांगले दिसतात. तोच फोटो मोठा करून, धूसर करून मागं टाकायची टीव्हीवाली पद्धतही आहे. मला ती आवडत नाही, पण रात्री अकरा वाजता कुणी "सकाळी सहाला पाहिजे" म्हणालं की आवड बाजूला राहते.

अक्षरं ओढू नका

हा भाग आमच्या भागातल्या कामासाठी खास. कर्नाटकात २०२४ च्या कायदादुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. त्यामुळे जुन्या पाट्या नव्याने मांडायचं काम टेबलावर येतं. तीन फूट उंचीची पाटी म्हणजे ३६ इंच. त्यातले साडेएकवीसच्या वर कन्नडला गेले की मराठी आणि इंग्रजीला मिळून चौदा-साडेचौदा उरतात. सोपा मार्ग म्हणजे जुनं मराठी नाव धरून वरून दाबायचं. तेच करायचं नाही.

देवनागरी वरून दाबली की शिरोरेघ बारीक होते आणि उभे काने जाड राहतात. वेलांट्या चपट्या होऊन शिरोरेघेला चिकटतात. बाजूने दाबली तर उलट, काने बारीक आणि शिरोरेघ जाड. कन्नड अक्षरं गोल वळणाची. ती दाबली की प्रत्येक अक्षराचं अंडं होतं आणि खाली लोंबणारं ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं खालचं अक्षर, पुढच्या ओळीत घुसतं. कन्नडच्या ओळीखाली जागा जास्त ठेवा, हे नेहमीच लक्षात असू द्या.

मग बसवायचं कसं? नाव आधी प्रमाणात लहान करा. बाजूला जागा उरली तर रुंद अक्षराचा फॉन्ट वापरा, ओढलेला नव्हे. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचा 'अनेक' हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, देवनागरी आणि कन्नड दोन्हींत आहे, आणि त्यात अक्षराची रुंदी ७५ पासून १२५ पर्यंत सरकवता येते. म्हणजे अक्षर रुंद होतं, पण रेघांची जाडी फॉन्ट बनवणाऱ्याने ठरवल्याप्रमाणे नीट राहते. नवीन फोटोशॉपमध्ये प्रॉपर्टीज पॅनलवर ही सरकपट्टी दिसते. मराठी १२० वर आणि कन्नड १०० वर ठेवून बघा, दोन्ही एकाच घरातली वाटतात. श्रीलिपी आणि नुडी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फायलींत ही सोय नाही. तिथं मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करावा लागतो. कंटाळा येतो, पण पाटी पुढची दहा वर्षं भिंतीवर राहणार असते.

देवनागरीला अक्षरांमधलं अंतर, म्हणजे ट्रॅकिंग, वाढवू नका. शिरोरेघ तुटते. कन्नडला थोडं चालतं. आणि फोटोशॉपमध्ये वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला पडत असेल तर प्रेफरन्सेसच्या टाइप पानावर जाऊन दक्षिण आशियाई भाषांची सोय चालू करा, नवीन फाइल उघडा.

मोठं करताना, आणि क्यूआर कोड

इमेज साइजचा शॉर्टकट कंट्रोल ऑल्ट आय. त्यात 'रिसॅम्पल'ची खूण काढली तर पिक्सेल तेवढेच राहतात, फक्त कागदावर किती इंचांत छापायचे ते बदलतं. खूण ठेवली तर पिक्सेल नव्याने तयार होतात किंवा कमी होतात. लहान फोटो मोठा करायचा असेल तर यादीतून 'प्रिझर्व्ह डिटेल्स २.०' निवडा आणि 'रिड्यूस नॉइज' थोडं वाढवा. चेहरा मेणाचा दिसायला लागला की मागं या.

श्रद्धांजलीला पुष्कळदा जुना पासपोर्ट फोटोच मिळतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढून आणतात, वर ट्यूबलाइटची चमक. तो घेऊन वाढवत बसू नका, मूळ फोटो मागवा आणि स्कॅन करा. साडेतीन सेंटीमीटर रुंदीचा फोटो १२०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला १२०० ठिपक्यांवर, स्कॅन केला की रुंदीला साडेसोळाशे पिक्सेल मिळतात.

आता क्यूआर कोड. कुंद्याच्या दुकानापासून भाजीच्या गाड्यापर्यंत सगळ्यांना तो मोठा करून हवा असतो. यूपीआयचा कोड मोठा करताना रिसॅम्पलमध्ये 'नियरेस्ट नेबर' निवडा, नाहीतर चौकोनांच्या कडा धूसर होतात. पूर्ण पटीत वाढवा, २०० टक्के, ३०० टक्के, म्हणजे सगळे चौकोन सारखे राहतील. भोवतीची पांढरी जागा कापू नका. चार चौकोनांएवढी मोकळी कड सगळीकडून हवी. आडवा ओढलेला कोड कधी स्कॅन होतो, कधी होत नाही. छापण्याआधी दोन वेगळ्या मोबाइलवर तपासा, त्यातला एक जुना असू दे.

अर्जाचे फोटो

परीक्षांच्या हंगामात पोरं रांगेत असतात. पासपोर्ट फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, ३०० डीपीआयवर तो ४१३ बाय ५३१ पिक्सेल होतो. आयबीपीएसच्या बँक परीक्षेच्या अर्जात मात्र फोटो २०० बाय २३० पिक्सेलचा, २० ते ५० केबीचा मागतात. ही दोन प्रमाणं एक नाहीत. पासपोर्ट फोटो तसाच २०० बाय २३० मध्ये दाबला तर चेहरा सुमारे बारा टक्के रुंद होतो. हॉलतिकिटावरचा आणि दारात उभा असलेला उमेदवार वेगळे दिसायला नकोत.

क्रॉप टूल घ्या, वरच्या घरात २०० पिक्सेल आणि २३० पिक्सेल लिहा, चौकट चेहऱ्यावर ठेवा, डोक्यावर थोडी जागा सोडा आणि खालून छातीकडचं कापा. एंटर मारलं की कापणं आणि लहान करणं एकदमच होतं. मग 'सेव्ह फॉर वेब', जेपेग, आणि क्वालिटी सरकवत केबी बघा. सही १४० बाय ६० पिक्सेलची, १० ते २० केबी. सही करून घेतानाच कागदावर त्या प्रमाणाचा चौकोन आखून द्या. "ह्यात कर गा," म्हटलं की ओढायची वेळच येत नाही.

फोटोशॉप नसेल तर ब्राउझरमध्ये फोटोपी उघडा, मेनू जवळपास तेच आहेत. पेंटमध्ये कंट्रोल डब्ल्यू करून 'मेंटेन आस्पेक्ट रेशो'ची खूण तेवढी सोडू नका.

दुसऱ्याने ओढलेला फोटो

मूळ फोटो हरवलेला, आणि हातात आलेली फाइल आधीच कुणीतरी ताणलेली, हेही नेहमीचं. चेहरा बघून अंदाजाने सरळ करायला जाऊ नका. फोटोत खात्रीने गोल असलेली आणि समोरून दिसणारी वस्तू शोधा. भिंतीवरचं घड्याळ उत्तम. बाजूने दिसणारं बुलेटचं चाक चालतं. बांगडी, ताट, समई नको, त्या तिरप्या दिसत असतात.

रूलर टूलने घड्याळाची रुंदी मोजा, मग उंची. समजा रुंदी २२० आणि उंची २०० आली. २०० भागिले २२०, म्हणजे ९०.९ टक्के. कंट्रोल टी, साखळी तोडा, एच १०० वरच ठेवा, डब्ल्यूमध्ये ९०.९ लिहा, एंटर. पुन्हा मोजा. गोल वस्तू सापडलीच नाही तर त्याच माणसाचा दुसरा कुठलाही नीट फोटो मागा. समोरून काढलेल्या फोटोत दोन डोळ्यांच्या मध्यांतलं अंतर आणि डोळ्यांपासून हनुवटीपर्यंतचं अंतर यांचा भागाकार दोन्हीकडे सारखा यायला हवा. तोंड उघडून हसतानाचा फोटो या कामाला घेऊ नका, हनुवटी खाली जाते.

सरळ केल्यावर फोटो अरुंद होतो आणि बाजूला पुन्हा पांढरं दिसायला लागतं. तिथं वरची मोकळ्या पट्टीची युक्ती वापरा.